हरलेला प्लेयर

आर्डिस नायगार्ड दुकानात आली होती ती घर तापवणाऱ्या भट्टीची, हवा गाळायची जाळी घ्यायला. फेब्रुवारीचा महिना, बाहेर नाकातला श्वास गोठावा अशी थंडी, आणि घरातली भट्टी चार दिवस घरघरत होती. जाळी घ्यायची आणि सरळ घर गाठायचं, एवढाच बेत. पण दाराशीच दुकानवाल्यांनी डिस्क प्लेयरच्या खोक्यांचा ढीग रचून ठेवला होता. वर पिवळा कागद: किंमत निम्मी, तिच्यावर काट मारून तिच्याही निम्मी. ढिगाशेजारी भल्यामोठ्या टीव्हीवर रानहंस उडत होते.

ती थांबली, तिथेच चुकलं.

हंस काही तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले नव्हते. दर शरदात ते गावावरून कलकलाट करत जातात आणि वाळत घातलेल्या चादरींवर घाण टाकून जातात, एवढी तिची त्यांची ओळख. पण या टीव्हीवर पिसन् पीस वेगळं दिसत होतं. एकाच्या छातीवर पाण्याचा थेंब होता, तोही दिसत होता. आर्डिसला पक्ष्यांचं काडीचं वेड नव्हतं. वेड होतं ते तिच्या नवऱ्याला, मर्लला, आणि मर्लचे डोळे जात होते.

मर्लने जन्मभर वीजमंडळाच्या तारा ओढल्या. खांबावर चढलेला असतानासुद्धा त्याचं अर्धं लक्ष आभाळात असायचं. तळ्याच्या पलीकडच्या काठावरचं बदक तो अलीकडून ओळखायचा. नर की मादी, यंदाचं पिल्लू की जुनं खोड, सगळं सांगायचा. मग उजव्या डोळ्यासमोर मधोमध एक डाग आला आणि पसरत गेला. फार्गो शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा डोळा गेला. डावाही जाईल, पण कधी ते सांगता येत नाही. तोवर उजेड भरपूर हवा, चित्र मोठं आणि रेखीव हवं. जाताजाता ते म्हणाले, "जे बघायचं असेल ते आताच बघून घ्या."

हे वाक्य आर्डिसच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. तेव्हापासून ती त्याला बघायला लावत होती. नातीचं शाळेतलं नाटक बघ, जुने फोटो बघ, स्वयंपाकघराच्या खिडकीतला सूर्यास्त बघ. मर्ल सगळ्याला "हं" म्हणायचा. राहिले होते ते पक्षी, आणि तळं तर एप्रिलपर्यंत दगड होऊन पडलेलं. एप्रिलचा भरवसा कोणी द्यावा?

"जबरदस्त आहे ना?" मागून आवाज आला.

दुकानातला व्हिन्स. बायकोच्या माहेरी राहायला म्हणून न्यू जर्सीहून इथे आलेला. तो परगावचा आहे हे कोणाला सांगावं लागत नसे, कारण त्याला बर्फ काढायचं फावडंही जबरदस्त वाटायचं. इकडची माणसं असं बोलत नाहीत. इकडे कौतुक करायचं ते चिमटीने, मीठ घातल्यासारखं. मर्लने आपल्या लेकीला, जोलीनला, पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तो म्हणाला होता, "वाईट नाही." त्या दोन शब्दांवर आर्डिसने अख्खं बाळंतपण काढलं.

"बरा दिसतोय," आर्डिस म्हणाली. म्हणजे तिचा जीव त्या खोक्यात पुरता अडकला होता.

"मग घेऊ नका," व्हिन्स म्हणाला.

"काय?"

"खरं तेच सांगतो, बाई. या हाय-डेफिनिशन डिस्क दोन तऱ्हेच्या निघाल्या. दोन वर्षं दोघांची मारामारी चालली होती. गेल्या आठवड्यात या खोक्यांवाले हरले. आता यांच्या डिस्क कोणी काढणार नाही."

"म्हणजे हा बंद पडणार?"

"बंद नाही पडायचा. पण त्याला खायला काही मिळणार नाही. साधी डीव्हीडी घाला, चालेल. पण असे हंस नाही दिसायचे."

"आणि जे जिंकले त्यांचा प्लेयर?"

"जबरदस्त. पण त्यावर सूट नाही. आणि हंसांची ही डिस्क त्यांच्या तऱ्हेत अजून आलेली नाही. येईल हो. वर्षभरात, फार तर दोन वर्षांत." त्याने आपुलकीने आवाज खाली आणला. "थांबा जरा. यात थांबणाऱ्याचाच फायदा असतो."

थांबा. आर्डिसच्या डोक्यात तिडीक गेली. माणूस भला होता, सांगत होता तेही खरं होतं, म्हणून तर जास्तच राग आला. खोटं बोलून गळ्यात मारणारा असता तर त्याच्याशी भांडून तरी मोकळं होता आलं असतं. तिने जाळी उचलली, तरातरा गल्ल्यावर गेली आणि घरी पोचल्यावर बघते तर जाळी भलत्याच मापाची.

मर्ल स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. तिने प्लेयरचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"कशाला?" तो म्हणाला.

"बघायला."

"टीव्ही आहे की."

"टीव्ही आहे, तो जोलीनने दिलाय म्हणून आहे. त्यावर आपण हवामान बघतो. या डिस्कमध्ये पक्षी आहेत. पिसं मोजता येतील इतके स्वच्छ."

"पिसं मोजून काय करू?"

आता याला काय उत्तर द्यायचं? भिंतीवर डोकं आपटून घ्यावं की काय असं तिला झालं. तिने फोन उचलून मिनिआपोलिसला जावयाला लावला. कर्ट कॉम्प्युटरमधला. त्याला न विचारता घेतलं असतं तर पुढे सहा महिने ऐकून घ्यावं लागलं असतं.

"आर्डिस, अहो काय हे," कर्ट म्हणाला. "सगळं जग त्यातून बाहेर पडतंय आणि तुम्ही आत शिरताय. हे म्हणजे वरातीमागून घोडं झालं."

"स्वस्त आहे पण."

"स्वस्त का आहे ते बघा ना. पाच वर्षांनी त्याचा दार अडवून ठेवायलासुद्धा उपयोग व्हायचा नाही. तुम्ही पाच वर्षांचा विचार करायला पाहिजे."

तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला. उंटावरचा शहाणा. पाच वर्षांचा हिशोब या घरात कोण करतंय, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मर्ल तिथेच टेबलाशी बसला होता आणि त्याचे कान ठणठणीत होते. "बघते," म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे आदळला.

शनिवारी तिने मर्लला गाडीत घातलं. त्याने स्वतः बघून काय ते ठरवावं. त्याला आवडलं तर घ्यायचं, मग जग गेलं खड्ड्यात.

"गुडघा दुखतोय," मर्ल म्हणाला.

"गुडघ्याने बघायचं नाहीये."

गाडी तीच चालवत होती. पानगळीपासून तीच चालवायची, कारण मर्लचा गुडघा. त्या गुडघ्यापायी तो यंदा हरणांच्या शिकारीलाही गेला नव्हता. रोज झोपायच्या आधी ती त्याला मलम चोळून द्यायची.

दुकानात तिने त्याला टीव्हीपुढे उभं केलं, दंड धरून, एक पाऊल मागे, एक पाऊल डावीकडे. व्हिन्सने डिस्क पहिल्यापासून लावली आणि आवाज वाढवला. हंस आले. आर्डिस टीव्हीकडे बघतच नव्हती, ती मर्लचं तोंड बघत होती. तो मान किंचित तिरकी करून उभा होता, दोन्ही हात कोटाच्या खिशात. हंस उडत राहिले.

"कसं आहे?" न राहवून तिने विचारलं.

"फारच सुंदर," मर्ल म्हणाला. "अप्रतिम. आणि काय ते रंग."

"बघा, म्हटलं नव्हतं? जबरदस्त," व्हिन्स खूश झाला.

आर्डिसने त्याचा दंड सोडला.

चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात हे शब्द तिने त्याच्या तोंडून एकदाच ऐकले होते. ईस्टरला चर्चमध्ये पाद्र्यांच्या बायकोने एकटीने गाणं म्हटलं होतं. सूर कुठे, बाई कुठे. बाहेर पडताना मर्लने तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "फारच सुंदर. अप्रतिम." खरं आवडलं की हा माणूस दोन शब्दांपलीकडे जायचा नाही, आणि खोटं बोलायचं झालं की असा सढळ व्हायचा. रंग म्हणे. पडद्यावर राखाडी आभाळ होतं आणि त्यात पांढरे हंस.

"चल," ती म्हणाली.

"घ्यायचा ना?"

"चल म्हटलं ना."

गाडीत बसून तिने इंजिन सुरू केलं. काचेवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. ती निघाली नाही, नुसती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"मर्ल."

"हरणांच्या शिकारीच्या दिवसांपासून."

"डावासुद्धा?"

"मधलं सगळं गेलं. कडेकडेने दिसतं. चालता येतं, भिंतीवर नाही आपटत. तुझा कान दिसतो."

"माझा कान?"

"तुझ्याकडे बघितलं की तोंड जातं, कान उरतो. वाईट नाही कान."

"आणि गुडघा?"

"गुडघा बरा आहे."

"मी रोज त्या गुडघ्याला मलम चोळत होते."

"बरं वाटायचं."

आर्डिसने स्टिअरिंगवर मूठ मारली. भोंगा वाजला. ढकलगाडी घेऊन समोरून चाललेल्या कोणा भल्या माणसाने दचकून हात वर केला आणि आपलीच चूक असल्यासारखी माफी मागितली. तिला आणखीच चीड आली. या मुलखात भांडायलासुद्धा माणूस मिळत नाही.

"सांगायला काय झालं होतं तुला? ताकास तूर लागू दिली नाहीस. मी येड्यासारखी सूर्यास्त दाखवत बसले."

"तुला वाटत होतं अजून वेळ आहे," मर्ल म्हणाला. "वाटू दे म्हटलं. तेवढंच."

"आणि आत काय, तर फारच सुंदर. शोभतं तुला? पाद्रीणबाईंच्या गाण्यानंतर आज ऐकलं मी ते."

"तळ्यावर तू रोज म्हणायचीस."

"मी?"

"मी होडीतून दाखवायचो, ते बघ, त्या लव्हाळ्याशी, तिसरं. तू विणकामातून मान वर न करता म्हणायचीस, फारच सुंदर."

आर्डिसने तोंड उघडलं. मी बघत होते, असं म्हणायला उघडलं, पण तसं काही बाहेर आलं नाही. "ऑक्टोबरात उघड्या होडीत किती थंडी असते," ती म्हणाली.

"असते. मी काही बोललो का कधी?"

नव्हता बोलला. इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं, तरी तो दाखवत राहिला होता. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीत राग मोठा होता. पण तो नक्की कोणावर काढायचा ते आता पूर्वीइतकं स्पष्ट राहिलं नव्हतं.

"आत ओरडत होते ते पांढरे रानहंस," मर्ल काचेकडे तोंड करून म्हणाला. "मोठा थवा होता. शेवटी शेवटी त्यात एक कॅनडा जातीचा होता, एकटाच. चुकून शिरलेला."

"आवाजावरून कळलं?"

"आवाजावरून. उडत कुठे होता, पुढे का मागे, ते नाही कळलं. तू तर तिथेच उभी होतीस."

"मी तुझ्याकडे बघत होते."

"मग दोघांनीही नाही बघितला," मर्ल म्हणाला.

काचेवरचा पापुद्रा सुटून खाली घसरला. आर्डिसने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, पाकीट उचललं आणि गाडीबाहेर पडली.

व्हिन्स ढिगाशीच होता. "एक द्या," ती म्हणाली.

"अहो बाई, मी सांगितलं ना तुम्हाला. आणि सवलतीतला माल आम्ही परत घेत नाही."

"मी परत देणार नाही."

"त्यांना एवढा आवडला?"

"त्यांना दिसत नाही."

व्हिन्सला जबरदस्तसुद्धा सुचलं नाही. त्याने एकदा खोक्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "मग एवढं रेखीव चित्र कोणासाठी हवंय?"

"माझ्यासाठी. तो फार खोदून विचारतो. अंदाजाने सांगून भागत नाही." तिने खोकं काखेत मारलं. "पक्ष्यांच्या डिस्क किती आहेत?"

"ही एकच. दाखवायला लावतो ती. विकायच्या पेटीत सगळे हाणामारीचे चित्रपट आहेत."

"तीच काढून द्या. टीव्हीवर हाणामारी लावा तुमच्या."

घरी आल्यावर खोक्यातून यंत्र निघालं, तीन भाषांतलं माहितीपुस्तक निघालं, आणि टीव्हीला जोडायची वायर काही निघाली नाही. ती वेगळी घ्यायची असते, असं पुस्तकाच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. आर्डिसने पुस्तक कोचावर भिरकावलं, पुन्हा कोट चढवला, पुन्हा दुकान गाठलं. व्हिन्सने तिला बघताच काही न विचारता वायर पुढे केली. जोडायला टीव्हीच्या मागे हात जाईना तेव्हा मर्लने बोटांनी चाचपून खाच शोधून दिली.

हंस आले. तिने या खेपेला चष्मा पुसून घेतला होता. कॅनडाचा हंस तिला तिसऱ्या फेरीत सापडला, थव्याच्या मागे उजवीकडे, काळी मान ताणून इतरांच्या मागे धावणारा.

"मागे आहे," ती म्हणाली. "सगळ्यांत शेवटी. दमलाय."

"दमत नाहीत ते. तोंड उघडं आहे का?"

"आहे."

"ओरडतोय. दमलाय म्हणू नकोस, दिसतंय ते सांग."

आयुष्यभर चार ओळींत दिवस संपवणारा माणूस, आता याला जबानी पाहिजे. मग हंस संपले आणि बदकं आली. एक लव्हाळ्यातून निघालं, पाण्यावर उतरलं आणि पडद्याबाहेर गेलं.

"काय होतं?" मर्लने विचारलं.

"बदक. तपकिरी."

"कसला तपकिरी?"

"तपकिरी म्हणजे तपकिरी, मर्ल. चॉकलेट केकसारखा."

"तुझ्या केकसारखा की तुझ्या बहिणीच्या?"

"तिचा करपलेला असतो. माझ्या."

"मग फिकट तपकिरी. निम्म्या जातींच्या माद्या तसल्याच असतात, त्याने काही कळत नाही. पंख बघ."

"गेली ती."

"मागे घे."

तिने रिमोटचं बटण दाबलं. डिस्क पार पहिल्यापासून सुरू झाली, ही विकत घेतलेली वस्तू भाड्याने देऊ नये वगैरे धमकी पडद्यावर आली आणि ती काही केल्या पुढे सरकवता येईना. आर्डिसने रिमोटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मर्ल थांबला. पुन्हा हंस, पुन्हा कॅनडाचा, पुन्हा लव्हाळं. या वेळी नेमकं पंख उघडल्यावर तिने बटण दाबलं आणि बदक हवेत अडकलं.

"निळा पट्टा आहे," ती म्हणाली. "पंखावर."

"कडांना?"

"कडांना काय?"

"पट्ट्याच्या कडांना काही आहे का?"

ती उठली. टीव्हीच्या अगदी पुढे जाऊन, टेबलाला धरून वाकली. असं पाखरू तिने मर्लने मारून आणलेलं किती वेळा सोललं होतं, पिसं उपटून कागदात गुंडाळून टाकून दिली होती. या पट्ट्यावरूनच तिची बोटं गेली असणार. तो निळा तिला आत्ता दिसत होता, आणि जवळून तो नुसता निळा नव्हता, आत कुठेतरी जांभळा होत होता.

"पांढरी रेघ," ती म्हणाली. "वरून एक, खालून एक. बारीक. आणि निळा आहे तो आत जांभळा होतो. तू हे कधी सांगितलं नव्हतंस."

मर्ल खुर्चीत मागे टेकला होता, आणि टीव्हीकडे नाही, खिडकीकडे तोंड करून बसला होता, तिचा आवाज कडेने यावा म्हणून असेल.

"उन्हात होतो," तो म्हणाला. "ऊन मागून असलं की."

"ऊन मागूनच आहे."

"आणि चोच?"

"चोच नाही बघितली."

"चोच राहिली म्हणजे," मर्ल म्हणाला.

आर्डिसने शिवी गिळली, चष्मा स्वेटरला पुसला आणि बदकाला पुन्हा लव्हाळ्यात नेऊन सोडलं.